रूबेनच्या गिटारीच्या तारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, देवळात देवासमोर बसूनही नाही — देवाला आधीच ठाऊक असणार, मग आपण तोंड कशाला उघडायचं, असा माझा व्यवहार. बायको असती तर कदाचित तिला सांगितलं असतं. पण ती वेळच आली नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी की तुम्ही मला ओळखत नाही. उद्या पनवेलच्या बाजारात भाजी घेताना शेजारी उभा राहिलो तरी तुम्हाला कळायचं नाही की हाच तो.

गोष्ट तारांची आहे. गिटारीच्या सहा तारांची. हसू आलं ना? जगात माणसं काय काय करून बसतात, आणि हा म्हातारा तारांचं काय घेऊन बसलाय? मीही पुष्कळ वर्षं स्वतःला असंच हसून दाखवलं. तारा तर तारा — त्यात काय एवढं? पण मग रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला माझं कशातच लक्ष का लागत नाही, हे मला सांगता यायचं नाही.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वडाळे तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांनी काढलेलं. तंबोरे, वीणा, बाजाच्या पेट्या. कामोठे, विचुंबे, रोडपाली — आसपासच्या गावांतली भजनी मंडळं आमची गिऱ्हाइकं. आई आधीच गेली होती, मग वडील गेले, भाऊ पुण्याला नोकरीला लागला. पुढे दुकान, मागे एक खोली, आणि मी. वय तिशीचं. लग्न जमत नव्हतं. त्याला कारणं बरीच, पण मुख्य कारण माझा स्वभाव. भजनात कुणी बेसूर लागला की माझा चेहरा वाकडा व्हायचा, आणि तो सगळ्यांना दिसायचा. हळूहळू असं झालं की लोक वाद्यं माझ्याकडे आणायचे, पण भजनाला मला बोलवायचे नाहीत. तंबोरा मी जुळवून द्यायचा, आणि त्यावर गाणं रंगायचं तेव्हा मी दुकानात फळी लावून बसलेला. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

रूबेन मात्र माझ्या वाकड्या चेहऱ्याला खदखदून हसायचा. तो इस्राएल आळीतला. आमच्या पनवेलला इस्राएल लोकांची, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंची, घरं पिढ्यान्‌पिढ्यांची. बोलणं आमचंच, कालवणातला नारळ आमचाच, फक्त शनिवारी त्यांची चूल पेटायची नाही. रूबेन भाताच्या गिरणीत कारकून होता. साडेपाचला सुटायचा, घरी जाऊन अंगावरचा कोंडा धुवायचा, आणि सहाला गिटार घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर हजर. हे दहा वर्षं. पावसाळ्यात पायरी भिजली तर आत, पेट्यांच्या भात्यांमध्ये जागा करून.

ती गिटार म्हणजे एक प्रकरणच होतं. रूबेनचा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने कुठल्याशा परदेशी खलाशाकडून घेतलेली. जंबो म्हणतात त्या जातीची — नेहमीच्या गिटारीपेक्षा अंगाने खूपच मोठी, पोट असं रुंद की रूबेनसारखा सडपातळ माणूस तिच्यामागे निम्मा झाकला जायचा. रूबेनची आई, रिबकामावशी, तिला हत्तीच म्हणायची. "तुझा हत्ती बांध आधी, मग जेवायला बस." शिकवणारा कुणी नव्हता. रेडिओवर ऐकून, मामाने आणलेल्या एका पुस्तकातली चित्रं बघून तो शिकला. आणि काय वाजवायचा! मी तंबोऱ्यांतला माणूस, मला त्या परक्या वाद्याचं काय कौतुक — पण त्याचा उजवा हात पडला की माझ्या दुकानातल्या लटकवलेल्या तंबोऱ्यांच्या तारा आपोआप घुमायच्या. त्या दहा वर्षांत माझा चेहरा त्याच्या वाजवण्याला एकदाही वाकडा झाला नाही. हे लक्षात ठेवा. पुढे याचीच लाज आहे.

मग मुंबईहून निरोप आला. मामाच्या ओळखीने एका मोठ्या हॉटेलातल्या बँडला गिटारवाला हवा होता. रविवारी सकाळी अकराला येऊन वाजवून दाखवायचं, पसंत पडलं तर लगेच रुजू. रूबेन त्या संध्याकाळी आला तो वाजवायला बसलाच नाही, नुसता बोलत होता. गिरगावात मामाच्या शेजारी खोली मिळेल, नवे बूट घ्यावे लागतील, कोट शिवावा लागेल. मी पेटीचा भाता चिकटवत ऐकत होतो. आणि तो म्हणाला, "महिन्यातून एकदा तरी येईनच रे तुला भेटायला."

महिन्यातून एकदा. त्याने प्रेमानेच म्हटलं होतं. पण मला काय ऐकू आलं सांगू? — की बाकीच्या सगळ्या संध्याकाळी तो नसणार, आणि हे त्याने आधीच ठरवून टाकलंय, आणि त्याला त्याचं फारसं काही वाटलेलं नाही. मला राग आला. मी बोललो नाही. मी जे बोलत नाही ते माझ्यात कुठे जातं, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

गिटारीच्या तारा गंजल्या होत्या. आमच्याकडे खाजणावरून वारा येतो, मिठागरांचा खारेपणा घेऊन. पोलादाची तार इथे वर्ष काढत नाही. एक तुटलीच होती, तिथे मी सतारीची तार लावून वेळ भागवली होती. परीक्षेआधी नवा संच हवा. रूबेनला सुट्टी मिळेना, नवं भात गिरणीत आलेलं. मी तसाही दोनतीन महिन्यांनी सामानासाठी मुंबईला जायचोच. तेव्हा रेल्वे पनवेलला आलेली नव्हती, एस.टी.ने ठाण्यावरून जायचं. रूबेन म्हणाला, "दामू, तूच निवडून आण. तारेतलं तुझ्याइतकं मला थोडंच कळतंय?"

मुंबईत वाद्यांच्या दुकानात एक म्हातारा गोवेकर होता. मी सांगितलं, गिटारीच्या तारा हव्यात. त्याने पहिलाच प्रश्न विचारला — गिटार केवढी? मी हातांनी पोट दाखवलं. त्याने दोन पाकिटं काढून काउंटरवर ठेवली, एक जाड तारांचं, एक बारीक, आणि मला नीट समजावलं. फार नीट समजावलं, म्हणून तर हे लिहिताना मला पळवाट नाही. तो म्हणाला, एवढ्या मोठ्या पोटाला जाड तारच हवी. बारीक तार त्या लाकडाला हलवू शकत नाही, आवाज आतल्या आत राहतो. शिवाय तिची मान जाड तारांच्या ओढीवर बेतलेली. ओढ कमी झाली की मान दोन दिवसांत मागे जाते, तारा खाली बसतात आणि मानेवरच्या धातूच्या पडद्यांना घासून झणझणतात. बारीक संच लहान गिटारीला. बोटांना मऊ लागतो, एवढंच त्याचं सुख.

मला सगळं कळलं. माझा धंदाच तो. कुठल्या वाद्याला किती ओढ सोसते हे मला कुणी शिकवायला नको होतं.

इथे मी लिहिणार होतो की माझा हात आपोआप गेला. ते खोटं आहे. मी उभा राहिलो, जाड तारांचं पाकीट हातात घेतलं, परत ठेवलं, आणि विचार करून बारीक तारांचं उचललं. म्हातारा म्हणाला, "बाबा, मोठी गिटार म्हणालास ना?" मी म्हटलं, घरी एक लहान पण आहे. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळताना त्याने मान डोलावली.

परतीच्या एस.टी.त मी मनाशी घोकत होतो, बोटांना मऊ लागतात, बोटांना मऊ लागतात. रूबेनला हेच सांगायचं ठरवलं होतं, आणि सांगितलंही. त्याने पाकीट बघून विचारलं, "बारीक वाटतात रे?" मी म्हटलं, "परीक्षेच्या दिवशी बोटं दुखायला नकोत. तुला वाजवायचं कळतं, मला तारेचं." त्याने त्याच तारा चढवल्या. त्याला पटलं म्हणून नव्हे — मी म्हटलं म्हणून.

पहिल्या संध्याकाळी बरं वाजलं. तिसऱ्या संध्याकाळी झणझण सुरू झाली, म्हाताऱ्याने सांगितली होती अगदी तशी. रूबेन थांबला. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबला. माझ्याकडे बघितलं. आता तंबोऱ्याला आम्ही जवारी काढतो, तुम्हाला माहीत असेल — तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून घासून तारेला अशी बसवायची की ती जराशी लागत, गुंजत राहते. तंबोऱ्यात ती गुंज म्हणजे जीव. गिटारीत तोच आवाज म्हणजे दोष. हा फरक पनवेलमध्ये माझ्याइतका कुणाला कळत होता? आणि मी त्याला म्हटलं, "अरे, जवारी लागलीय. वाद्य मोकळं झालं की असंच बोलतं."

घोडीच्या हाडाखाली पत्त्याएवढ्या जाडीची चकती सरकवली असती तर निम्मी झणझण तिथेच गेली असती. पाच मिनिटांचं काम. हत्यारं माझ्या मांडीशी पडलेली होती.

त्या वेळी कामोठ्याचे बुवा दुकानात बसले होते, वीणा न्यायला आलेले. शेतकरी माणूस, आयुष्यभर भजन केलेलं. त्यांनी कान टवकारले. म्हणाले, "दामूशेट, आमाला काय कलतंय, पन यो आवाज बरा नाय. तार ढिली हाय का बघा." मी त्यांच्यावर खेकसलो, की तुमची वीणा बघा, यातलं तुम्हाला काय कळणार. बुवा हसले, वीणा खांद्याला लावून निघून गेले. रूबेन माझी बाजू घेऊन म्हणाला की बुवांना गिटारीची सवय नाही. माझी बाजू घेतली त्याने.

शनिवारी दिवे लागल्यावर, त्यांचा विश्रांतीचा दिवस, सब्बाथ, संपल्यावर, मावशीने मलिदा केला. नवस किंवा चांगलं काम असलं की त्यांच्यात एलियाहू पैगंबराच्या नावाने करतात — गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वर फळं. प्रार्थना झाली आणि पहिली ताटली तिने मला दिली. "तूच तारा आणल्यास ना रे, आधी तू घे." मी घेतली. खाल्लीही सगळी. वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही, पण उतरली, आणि चवही लागली.

रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो. त्यानेच आग्रह केला होता. हॉटेलचा मोठा दिवाणखाना, सकाळची वेळ, टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, एक बाई फरशी पुसत होती. बँडचा मुख्य एक पोक्त, घाईतला माणूस, अजून तिघे जण वाजवायला आलेले. रूबेनने सुरू केलं. त्या उंच छताखाली ती एवढी मोठी गिटार कोपऱ्यात कुणीतरी कुजबुजावं तशी वाजत होती, आणि वर झणझण. मुख्य म्हणाला, बोट दाबा. रूबेनने दाबलं. अजून दाबा. त्याची नखं पांढरी पडली होती. शेवटी मुख्याने हात वर करून थांबवलं आणि विचारलं, "तारा कसल्या आहेत?" रूबेनने माझ्याकडे बोट केलं — अभिमानाने हो! — म्हणाला, नव्या आहेत, यांनी निवडल्या, वाद्यांचे कारागीर आहेत.

मुख्य माझ्याकडे वळला. "तारा ठीक आहेत ना?"

बघा, अजूनही वेळ होती. मी म्हणू शकत होतो, चूक झाली, उद्या जाड लावून आणतो. चूक म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुद्दाम केलं हे कुणी विचारलंच नसतं. मी काय म्हणालो? "ठीक आहेत."

मग तो रूबेनला म्हणाला, फार सौम्यपणे म्हणाला, की मग हात कच्चा आहे, दोनेक वर्षं घरी घोटा.

परत येताना रूबेन एस.टी.च्या खिडकीशी बसला होता, गिटार मांडीवर उभी धरून. मुंब्रा मागे पडलं. मग म्हणाला, "निदान बोटं तरी दुखली नाहीत." आणि हसला. मला वाटलं, आता तो कुठे जात नाही. खरं सांगतो — मला आनंद झाला. आतून, निवांत असा आनंद.

तो आनंद आठ दिवस टिकला असेल. सहा वाजायचे, रूबेन यायचा, पण गिटार न घेता. पायरीवर बसायचा, गिरणीतल्या गोष्टी सांगायचा, चहा प्यायचा. मी विचारलं तर म्हणायचा, बघू उद्या. मला हवा तो माणूस मला मिळाला होता, रोज मिळत होता, आणि त्याच्या शेजारी बसून मी एरवीपेक्षा जास्त एकटा होतो. कारण त्याला जे विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं आणि मला जे सांगायचं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याने मला सांगितली नव्हती. त्याचे दोघे भाऊ आधीच इस्राएलला गेले होते. वडील कधीचे सगळ्यांना चला म्हणत होते. एकटा रूबेन अडून बसला होता. बापलेकांत ठरलं होतं की मुंबईची नोकरी लागली तर घर इथेच राहील, नाही लागली तर कागद भरायचे. मला मावशीनेच सांगितलं, भांडी बांधायला घेतली तेव्हा. मुंबई दूर वाटली होती मला. एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येता येतं तिथून.

वर्षाच्या आत ते गेले. स्टँडवर सामान चढवून झाल्यावर मावशीने माझ्या तोंडावरून हात फिरवला. रूबेनने गिटार बरोबर नेली, जुन्या चादरीत गुंडाळून. तारा त्याच होत्या. मी बदलून देतो म्हणालो असतो तर — का, असं त्याने विचारलं असतं.

इथवर जे सांगितलं ते वाईट आहे, पण मी हे सांगायला बसलो नव्हतो. अजून एक आहे.

दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं, निळं हवाई पत्र, मराठीत. तिकडे फळबागेत काम होतं. लिहिलं होतं की वस्तीत काही जण संध्याकाळी जमून वाजवतात, त्यांच्याकडे गिटारवाला नाही, ते याला सारखं बोलावतात. याने अजून चादर सोडलेली नव्हती. पुढे लिहिलं होतं — ते वाक्य मला पाठ आहे — "दामू, तू माझा हात दहा वर्षं ऐकलास आणि तू कुणाचं मन राखणारा नाहीस. खरं सांग, माझा हात कच्चा होता का? तू नाही म्हणालास तर मी उद्या जाऊन बसेन."

त्याला फक्त तेवढं हवं होतं. नाही. दोन अक्षरं.

मी ते पत्र चार दिवस गल्ल्यात ठेवलं. 'नाही' लिहिलं तर तो विचारणार — मग त्या दिवशी काय झालं होतं? आणि एकदा ते विचारलं की तारांवर येणार, आणि तारांवरून माझ्यावर. सरळ खरं लिहावं असंही मनात आलं. एक कागद घेतला, 'प्रिय रूबेन' लिहिलं, तो फाडला. पाचव्या दिवशी लिहिलं, "हो. हात जरा कच्चाच होता. वाईट वाटून घेऊ नकोस." पोस्टात जाऊन स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं आणि वाटेत तेल, गूळ घेऊन घरी आलो.

त्याचा हात कच्चा नव्हता. माझ्या कानांवर आजवर पडलेला सगळ्यात चांगला हात तो. हे मी कधीच कुणापाशी म्हटलेलं नव्हतं.

त्याचं उत्तर आलं. गिटार वस्तीतल्या एका शिकणाऱ्या माणसाला देऊन टाकली होती. घरात जागा झाली, आई खूश आहे, असं गमतीने लिहिलं होतं. आणि शेवटी, "मामा, आई, गिरणीतले लोक, सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलत राहिले. खरं सांगणारा तू एकटा निघालास. म्हणून तू माझा मित्र."

त्या पत्रालाही मी उत्तर लिहिलं. इकडे सगळे खुशाल, यंदा भात बरं आलं, मावशीला नमस्कार सांग. खाली सही केली, आणि पत्र चिकटवलं.